मास्तरांची वाचा

“चहा दे,” मी गाऊन म्हटलं. ‘चहा’ वरच्या सुरात, ‘दे’ खालच्या. म्हणता म्हणता मास्तरांच्या डाव्या हातावर बोटांनी ताल दिला.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्याची उजवी बाजू लोंबत होती तशीच राहिली, पण डावी आवळली गेली, कच्ची चिंच दाताखाली आल्यासारखी.

“अरे युजीन, त्यांना दुखतंय का काय?” डेल्फिन स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. “तोंड बघ कसं करतात.”

“दुखत नाही गं. मेंदू कामाला लागला की असं होतं. पुस्तकात आहे.”

पुस्तकात असं काही नव्हतं. मास्तरांना माझा आवाज सहन होत नव्हता हे मला दिसत होतं, आणि त्यांना उठून जाता येत नव्हतं हेही दिसत होतं. मी पुन्हा म्हटलं, “चहा दे.” पुन्हा. आणखी एकदा. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला एवढं सुख झेपत नाही, पण मी ते घेत होतो.

शेवटी मास्तरांनी डोळे उघडले, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि स्वच्छ, गोल आवाजात म्हटलं, “चहा दे.”

माझ्यापेक्षा किंचित वरून. वहीतलं चुकलेलं गणित लाल शाईने दुरुस्त करावं तसं.

डेल्फिनच्या हातातली पळी खाली पडली. “बोलले! अरे मेल्या, बोलले रे!” ती आत धावली, बाहेर आली, पुन्हा आत धावली. चहा आणला तो इतका गोड, की तिघांनाही पिता येईना. “तू देवमाणूस आहेस, युजीन. तुझी पॉलिन वरून बघत असेल.”

मी मान खाली घातली. नम्रपणाने घातली असं तिला वाटलं असेल.

स्टॅनी मास्तर आमच्या चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. शाळेत गणित शिकवायचे, पण गावाला ते गाण्याचेच मास्तर म्हणून माहीत. लग्न असो, सण असो, कुणाला माती द्यायची असो, त्यांचा उजवा हात वर गेल्याशिवाय गावात कुणी सूर लावला नाही. नाताळानंतर त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, सगळं एकदम गेलं. शब्द उरला एकच, ‘ते’. पाणी हवं तर ते, डास चावला तर ते, कुणी भेटायला येऊन रडलं तरी ते.

मी रोज दुपारी त्यांना बोलतं करायला जात होतो. गावाला याचं फार कौतुक होतं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं, बाजारातल्या एका श्रीपतला सोडून. मला त्या माणसावर सूड उगवायचा होता. आणि मला हवा होता तो सूड मुक्या माणसाकडून मिळण्यासारखा नव्हता.

माझी बायको पॉलिन मागच्या उन्हाळ्यात गेली. पोटाचं दुखणं होतं. शेवटी शेवटी तिला झोप लागत नसे. मग ती म्हणायची, “गा ना रे.” मी गायचो. चर्चमधलं एक जुनं गीत होतं, तिच्या आईच्या वेळचं, तेवढंच मला पूर्ण येत होतं. ते मी फक्त तिच्यापुढे आणि दार लावून म्हणत असे. चारचौघांत स्वतःचं नाव सांगतानाही मला घाम फुटतो. पण जाण्याच्या थोडं आधी तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं, “मातीला गायनमंडळ नको. तू म्हण.”

मी म्हटलं. सिमेटरीत फादरांची प्रार्थना संपल्यावर माइकपुढे गेलो, खड्ड्याकडे न बघता समोरच्या माडाकडे बघितलं आणि सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. मला वाटत होतं, बरं चाललंय. दुसऱ्या कडव्याला माझ्या खांद्यावर हात पडला. मास्तर होते. त्यांनी खांदा हलकेच दाबला आणि म्हणाले, “राहू दे, युजीन. शेवटी तरी तिला सुरात जाऊ दे.”

माइक चालू होता. सगळ्या सिमेटरीने ते ऐकलं. मागे कुणीतरी हसलं, मोठ्याने नाही, मातीला हसतात तेवढंच. मास्तरांचा उजवा हात वर गेला आणि गायनमंडळाने माझ्या तोंडातलं गीत उचलून पुढे नेलं. फार सुंदर म्हटलं. नंतर महिनाभर लोक मला रस्त्यात थांबवून सांगत होते, पॉलिनच्या मातीला काय गायले रे मास्तर!

माणसं बायकोच्या दुःखात काय काय करतात. मी पुस्तकं वाचली. पूर्वी मी कामणच्या रस्त्यावर एका गोदामात स्टोअरकीपर होतो. तिथं दुकानांतून परत आलेली पुस्तकं यायची. कव्हर फाटलेली, पावसात भिजलेली, एखादं पान उलटं शिवलेली. ती रद्दीत जाण्याआधी मी हवी ती ठेवून घेत असे, आणि निवृत्त झाल्यावरही तिथले लोक मला नाही म्हणत नसत. त्या वर्षी मी एकाच प्रकारची पुस्तकं शोधली. संगीत आणि माणसाचं मन. सगळी इंग्रजी. मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचायचो. किती समजली हा प्रश्नच आहे. स्वतःच्या मुलांना न ओळखणारे म्हातारे जुन्या गाण्याची ओळ पुढे चालू करतात, असं एकात होतं. अंगाईने तान्ह्या मुलाच्या छातीचे ठोके संथ होतात, असं दुसऱ्यात. ते सगळं छान होतं, पण मी त्यासाठी वाचत नव्हतो. मला हवं होतं ते एका भिजून फुगलेल्या पुस्तकात सापडलं. ज्यांच्या कानाला सूरच कळत नाही अशी माणसं फार थोडी असतात, शंभरात दोन-चार. बाकी ज्यांना लहानपणापासून ‘बेसूर, बेसूर’ म्हणून गप्प बसवलं जातं, त्यांच्या कानात काही दोष नसतो.

मी ते पान श्रीपतला वाचून दाखवलं. श्रीपत खाडीकडच्या गावातला, होळी म्हणतात त्या नाक्यावरच्या बाजारात त्याची भाजी असते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्या शेजारच्या पेटाऱ्यावर बसतो.

“मग?” तो मुळ्यावर पानी मारत म्हणाला. पाण्याला तो पानीच म्हणतो, आणि त्याच्याशेजारी बसलं की मलाही तसंच सुचतं.

“मग म्हणजे मी बेसूर नव्हतो.”

“असं तुझं नाव घालून लिवलंय?”

“नाव कसं घालतील? पण शंभरात दोन-चार म्हणजे...”

“आमच्या गावात शंभरात दोन-चार आंधले हायत. ते शंभरात दोन-चारच हायत म्हनून त्यांना दिसायला लागलं नाय.”

श्रीपतशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी ठरवलं होतं. हे पान घेऊन मास्तरांच्या घरी जायचं, त्यांच्यासमोर ठेवायचं आणि त्यांच्या तोंडून दोन शब्द घ्यायचे, ‘माझं चुकलं.’ तेही चारचौघांत, कारण मला जे बोलले ते चारचौघांत बोलले. मी आरशासमोर सराव केला. पावसाळा गेला. मी सराव करत राहिलो. सण आले, सणासुदीला नको म्हटलं. नाताळात तर नकोच. मग नवीन वर्षात जायचं असं पक्कं झालं, आणि मास्तरांना झटका आला.

बातमी ऐकून मी पॉलिनच्या फोटोसमोर बसून रडलो. सँड्राला, माझ्या मुलीला, वाटलं बाबा किती हळवे आहेत. ती आचोळ्याला राहते, त्या दिवशी आली होती. तिने मला पाणी दिलं. मी रागाने रडत होतो.

पुढे एका सकाळी डेल्फिनच माझ्या दारात उभी. आम्ही शाळेत एका वर्गात होतो, त्यामुळे ती मला अजून दप्तर विसरलेल्या मुलासारखं बोलते.

“युजीन, तू ती मेंदूची पुस्तकं वाचतोस ना रे?”

“वाचतो बाय. समजतात असं नाही.”

“ऐक ना. हे काही बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. पण रविवारी टीव्हीवर चर्चमधली मिस्सा लागली, तर यांनी अख्खं गीत म्हटलं! शब्दान् शब्द! मी म्हटलं, अहो, आता पाणी मागा बघू. तर परत ‘ते’. हे काय नाटक आहे रे?”

नाटक नव्हतं, हे मात्र मला खरंच माहीत होतं. बोलण्याचे शब्द मेंदूच्या एका घरात राहतात आणि गाण्याचे बरेचसे दुसऱ्या. एक घर पडलं तरी दुसरं उभं असतं. मग रोजची साधी वाक्यं गाण्यासारखी करून, हातावर ताल देत, त्या दुसऱ्या घरातून बाहेर काढता येतात. सगळ्यांची निघत नाहीत, काहींची निघतात.

“हॉस्पिटलातली मॅडमपण तेच म्हणाली,” डेल्फिन म्हणाली. “तिने दाखवलं मला. पण मी करायला गेले की मला रडूच येतं. तू येशील?”

“मला गाता येत नाही म्हणतात.”

“कोण म्हणतं?” डेल्फिनने विचारलं.

ती त्या दिवशी सिमेटरीत मास्तरांच्या शेजारी उभी होती.

“येतो,” मी म्हणालो.

श्रीपतने ऐकलं तेव्हा तो पेटाऱ्यावर हात मारून हसला. “म्हंजे तू त्याला आधी बोलता करनार, मग माफी मागायला लावनार? अरे येड्या, कापायचा कोंबडा कोन औषध-पानी करून वाढवतो?”

“सगळेच,” मी म्हणालो.

श्रीपत विचारात पडला. “ते पन खरंच म्हना.”

‘चहा दे’नंतर ‘पाणी दे’ आलं. मग ‘खिडकी लाव’, ‘पाय दुखतो’, ‘आता पुरे’. प्रत्येक वेळी मास्तर आधी माझा सूर ऐकून तोंड वाकडं करत, मग त्यांच्या सुरात वाक्य सरळ करून परत देत. गाऊनच बोलावं लागे, साधं बोलायला गेलं की ‘ते’. पण घरात आता त्यांचा आवाज होता. माणसं बघायला येत. मास्तर त्यांना ‘आता पुरे’ गाऊन दाखवत, माणसं टाळ्या वाजवत.

मी वाट बघत होतो. एका दुपारी डेल्फिन मागे विहिरीवर कपड्यांना गेली तेव्हा मी मास्तरांचा हात घेतला आणि नेहमीसारखा ताल दिला.

“माझं चुकलं,” मी गाऊन म्हटलं.

मास्तरांचं तोंड उघडायला लागलं होतं, सवयीने. ते मिटलं.

“माझं चुकलं. म्हणा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला शंका होती की झटक्यात त्यांची आठवण गेली असेल. गेली नव्हती. नजर स्वच्छ होती.

“शेवटी तरी तिला सुरात जाऊ दे,” मी म्हणालो. माझा आवाज थरथरत होता. “बायको मातीत जात होती माझी. तिने मला सांगितलं होतं म्हणायला. तुम्हाला विचारलं होतं कुणी?”

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. मग अगदी सुरेल म्हटलं, “खिडकी लाव.”

मी खिडकी लावली. दुसरं काय करणार?

असं बरेच दिवस चाललं. डेल्फिन दूर गेली की मी ‘माझं चुकलं’ म्हणायचो, आणि मास्तर मीच शिकवलेल्या वाक्यांतलं एक माझ्या अंगावर फेकायचे. ‘पाय दुखतो.’ ‘चहा दे.’ एकदा तर ‘आता पुरे’ असं लांबवून म्हटलं, की विहिरीवरून डेल्फिनने वाहवा केली. मी घरी येऊन जेवलो नाही. आयुष्यभर मी कुणाला हरवलं नव्हतं. मुक्या माणसाशीही हरत होतो.

मग मला मार्ग सापडला. सापडला म्हणजे डेल्फिननेच दिला.

“युजीन, सगळं शिकवलंस,” एकदा चहाचा कप ठेवता ठेवता ती म्हणाली, “पण माझं नाव नाही रे शिकवलंस. मी काय त्यांची नर्स आहे? चहा दे, पाणी दे. एकदा ‘डेल्फिन’ म्हटलं असतं तर...” ती हसली आणि पदराने बशी पुसायला लागली, पुसलेलीच बशी.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते. डाव्या हाताने तिच्याकडे बोट करून त्यांनी जोर लावला. “ते,” ते म्हणाले. “ते. ते.” मानेच्या शिरा फुगल्या.

“नाव कठीण असतं,” मी म्हणालो. “जोडाक्षर आहे त्यात. बघू.”

ती आत गेल्यावर मी मास्तरांच्या कानाशी वाकलो. “आधी माझं वाक्य. मग तिचं नाव. पॉलिनच्या वर्षाच्या प्रार्थनेला अख्खं गाव येईल माझ्या अंगणात. तिथं म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याच दिवशी मी तुम्हाला ‘डेल्फिन’ देतो. माझा शब्द.”

मास्तरांच्या डाव्या डोळ्यात पाणी आलं. लकव्यानंतर माणसाला उगीचही रडू येतं, पुस्तकात आहे. मी तसं समजून घेतलं.

“बायकोचं नाव अडवून ठेवलंस?” श्रीपत म्हणाला. या वेळी तो हसला नाही. “हे मातर वाईट केलंस, युजीन.”

“माझ्या बायकोचं गाणं अडवलं त्याने.”

“एकदा अडवलं. तू रोज अडवतोस.” त्याने मेथीच्या जुड्या इकडच्या तिकडे केल्या. “पन म्हनंल रे तो?”

“नाही म्हणणार,” मी म्हणालो. माझी खात्री होती. आणि खरं सांगायचं तर तेही मला चाललं असतं. त्यांनी ते वाक्य गिळून बसावं आणि बायकोचं नाव तोंडात न येता जगावं. मी रोज जाऊन ते बघितलं असतं.

वर्षाच्या प्रार्थनेला सँड्राने अंगणात मांडव घातला. खुर्च्या कमी पडल्या, माणसं पायऱ्यांवर बसली. मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. बाहेर ऊन होतं म्हणून त्यांना पुढच्या खोलीत ठेवलं, पॉलिनचा फोटो आणि मेणबत्त्या होत्या तिथं, दार उघडं ठेवून. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. डेल्फिन माझ्या शेजारी. सगळी प्रार्थना संपली की मी लोकांना थांबवणार होतो आणि मास्तरांना बाहेर आणणार होतो.

प्रार्थना उर्सुला आंटी सांगत होती. गावातल्या सगळ्या मेलेल्यांची ती सांगते. ती एक ओळ गाऊन म्हणते आणि बाकीचे उत्तर देतात, “प्रभो, दया कर.” आमच्याकडे हे उत्तर झोपेतही देतात. अर्धी माणसं जेवणाकडे बघत होती, आमच्या आळीतला केनी मोबाइलकडे बघत होता, पण ओळ संपली की सगळ्यांची तोंडं एकदम हलत होती. “प्रभो, दया कर.”

मधेच उर्सुला आंटीला ठसका लागला. कुणीतरी पाण्याला उठलं. सगळे थांबले.

आणि आतून आवाज आला. “माझं चुकलं.”

“प्रभो, दया कर,” अंगणाने उत्तर दिलं.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. गाऊन म्हटलेली ओळ होती, थांबली होती, उत्तर द्यायचं होतं, त्यांनी दिलं. माझ्या पुढच्या खुर्चीत केनी मोबाइलवरून मान न उचलता शेजारच्याला म्हणाला, “युजीनचा आवाज. पॉलिनची माफी मागतोय बिचारा.” शेजारच्याने सहज मागे वळून पाहिलं. मी त्याच्या मागेच उभा होतो, तोंड मिटून. त्याने केनीला कोपर मारलं.

“माझं चुकलं,” आतून पुन्हा आलं. या वेळी मोठ्याने.

“प्रभो, दया कर.” आता थोडी तोंडं कमी होती.

मीही ऐकत होतो. बाकीची सगळी वाक्यं मास्तरांनी माझ्याकडून घेऊन सरळ केली होती. हे त्यांनी तसंच ठेवलं होतं. ‘माझं’वर जागा शोधत वर गेलेला सूर, पोचायच्या आधीच दमलेला. मग ‘चुकलं’वर एक घसरण, आणि जिथं टेकायला हवं त्याच्या अलीकडेच कुठेतरी लटकून राहिलेला शेवट. थरथरही होती, माझीच. त्यांच्या मेंदूने जसं मिळालं तसं ठेवून दिलं होतं, की ते माझी नक्कल करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मास्तर आहेत, दोन्ही एका वेळी करू शकतात.

पण आवाज माझा होता, यात शंका नव्हती. केनीलाही नव्हती. आणि तो बेसूर होता. थोडाबहुत नाही. कुणीतरी थांबवावा असा.

म्हणजे पॉलिनने हे ऐकलं होतं. लग्नापासून शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत, दार लावलेल्या खोलीत, पोटात कळा येत असताना. तिचा कान चांगला होता, लहानपणी ती मास्तरांच्याच गायनमंडळात होती. तिला सगळं कळत होतं. आणि ती म्हणत होती, “गा ना रे.”

“युजीन,” डेल्फिनने माझी बाही धरली. “हे काय म्हणतायत? कुणाला म्हणतायत?”

“मला.”

मग तिची बोटं माझ्या बाहीवरून सुटली. तिला सिमेटरी आठवली होती.

“माझं चुकलं,” मास्तर आत म्हणाले.

आता सगळ्यांना कळलं होतं कोण म्हणतंय. माना दाराकडे वळल्या होत्या. पण एवढा वेळ चाललेली प्रार्थना होती, आणि उर्सुला आंटीने पाणी पिऊन, काय झालंय हे न कळता, सगळ्यांच्या पुढे उत्तर उचललं. मग बाकीच्यांनीही उचललं, हळू, एकमेकांकडे बघत. डेल्फिननेही. “प्रभो, दया कर.”

मी म्हटलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी ओठ घट्ट दाबून धरले होते. मला दया आली नव्हती. आली असती तर बरं दिसलं असतं, पण नव्हती. मला फक्त माझा शब्द आठवत होता.

मी आत गेलो. मेणबत्त्यांमुळे खोली तापली होती. मास्तरांचा सदरा घामाने छातीला चिकटला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर उताणा ठेवला. डेल्फिन माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. तिच्या मागे मांडवातली माणसं दाराकडे सरकली होती.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं, बसलो, आणि हात हातात घेतला. पहिला ठोका दिला, दुसरा दिला. वर कुठे जायचं आणि खाली कुठे यायचं हे मला माहीत होतं. तिथं माझा गळा पोचणार नाही, हेही आता माहीत होतं.

“डेल्-फिन,” मी गाऊन म्हटलं.

बाहेर सगळं गाव ऐकत होतं. मी आवाज खाली घेतला नाही.